घासू नका, खोचा

पहाटे ४.५०

तारीख २५ नोव्हेंबर २०१५, वार बुधवार, थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस. वही पुढ्यात आहे म्हणून इतकं नेमकं सांगते. साताऱ्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशवर बसले. दिवस मिटवताना चार ओळी टिपून ठेवायची खोड अमेरिकेत येऊनही सुटली नाही.

मुलगा इथला नागरिक झाला आणि त्यानं आम्हा दोघांना ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत, एडिसनला बोलावून घेतलं. पहिले सहा महिने नातवाचे डबे भरले आणि समोरच्या घरांच्या खिडक्या मोजल्या. मग एका सुपरमार्केटच्या दारावर 'कॅशियर पाहिजेत' अशी पाटी दिसली. मुलगा म्हणाला, "आई, आठ आठ तास उभं राहावं लागेल." म्हटलं, "एकतीस वर्षं बसलेच आहे की."

तर पोळ्या, फ्लॉवर-बटाटा डब्यात, ह्यांच्या गोळ्या ओट्यावर. बाहेर अजून रात्रच.

सकाळी ६.४०

मॅनेजरबाईंकडून ड्रॉवर घ्यायचा. दीडशे डॉलर सुटे, त्यांच्यासमोर मोजायचे, कागदावर सही करायची. हा भाग मला फार आवडतो. मुलूख कुठलाही असो, कॅश समोरासमोर मोजली जाते.

माझी लेन सहा नंबरची. गिऱ्हाइकाच्या छातीच्या उंचीवर कार्डाचं मशीन. त्याच्या कडेला पट्टी घासायची खाच आणि खाली चिप खोचायची फट. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलेला होता, त्यावर मार्करनं 'नो चिप' लिहिलेलं. मशीनं केव्हाच बसली होती, पण आतलं सॉफ्टवेअर तपासून मंजूर व्हायचं होतं आणि देशभरातली दुकानं त्याच रांगेत उभी होती. आमचा नंबर लागला, पुठ्ठा निघाला. शेजारच्या औषधांच्या दुकानात तो अजून आहे. म्हणजे गिऱ्हाईक तिकडे घासून येतं आणि इकडे येऊन अडतं.

एवढी धांदल कशासाठी, तर १ ऑक्टोबरपासून नियम बदलला. तो सरकारनं केलेला नाही, कार्ड कंपन्यांनी केलेला आहे. दुकानात कुणी बनावट कार्ड चालवलं तर आजवर बहुतेक वेळा नुकसान कार्ड देणारी बँक सोसायची. आता बँकेनं चिपचं कार्ड दिलेलं असेल आणि दुकानानं चिप वाचायची सोय केलेली नसेल, तर भुर्दंड दुकानाला. ट्रेनिंगमध्ये हे समजावायला अर्धा तास घेतला. माझ्या डोक्यात ते पहिल्याच वाक्यात उतरलं. आमच्या बँकेत खोटी नोट ज्याच्या काउंटरवरून आत आली, त्याच्या पगारातून ती वळती व्हायची. एकदा पाचशेची माझ्या नावावर पडली. तेव्हापासून नोट माझ्या डोळ्यांआधी बोटांना कळते.

सकाळी ७.१०

पहिलं गिऱ्हाईक नेहमीचे आजोबा. दर बुधवारी केळी, ओट्स, मांजराच्या खाण्याचे डबे. आज त्यात तयार पंपकिन पाय. मी पहिलं केळं उचलायच्या आतच त्यांनी कार्ड काढून पट्टी घासली.

इथेच खरी मेख आहे आणि ती रांगेतल्या कुणाला दिसत नाही. पट्टीच्या जमान्यात गिऱ्हाईक आधीच कार्ड घासून मोकळं व्हायचं. मी इकडे सामान स्कॅन करतेय, मशीन तिकडे कार्ड वाचून बसलंय, बेरीज झाली की बटण दाबलं, पावती बाहेर. दोन कामं एकाच वेळी चालायची. चिपला मात्र नेमकी रक्कम आधी लागते. बेरीज पूर्ण होईपर्यंत थांबा, मग कार्ड खोचा, मग चिप आणि बँक एकमेकांशी बोलतात, मग काढा. आधी एकमेकांत गुंतलेली कामं आता एकामागून एक. चिप हळू आहे असं सगळे म्हणतात, पण निम्मा वेळ या बदललेल्या क्रमानं खाल्लेला असतो.

आजोबांच्या मशीनवर अक्षरं आली: चिप खोचा. पट्टीवरच्या माहितीत एक संकेतांक असतो, तो दोननं सुरू झाला की मशीनला कळतं, या कार्डाला चिप आहे, घासून चालणार नाही. आजोबांनी पुन्हा घासलं, या वेळी जोर लावून. मग कार्ड कोटाच्या बाहीला पुसून तिसऱ्यांदा.

"कार्ड बिघडलं वाटतं माझं."

"कार्ड उत्तम आहे. मी सांगेन तेव्हा खालच्या फटीत घाला. सोनेरी टिकली वर."

चिपला मी टिकलीच म्हणते, मनातल्या मनात. इथले लोक कार्ड खोचण्याला 'डिप' म्हणतात. मला त्यावरून चहाची पिशवी आठवते, आणि बरीच गिऱ्हाइकं कार्ड तसंच वापरतात: बुडवलं की लगेच वर. आजोबांनीही तेच केलं. व्यवहार रद्द. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन बोटांनी कार्ड असं धरून ठेवलं, जसं तापलेल्या पोराच्या काखेत थर्मामीटर धरावा. मागच्या बाईंनी पायावरचा भार बदलला. मी मनात नोटा मोजत होते. वेळ मोजायची माझी हीच पद्धत. चाळीसपर्यंत आले आणि मशीन किंचाळलं.

आजोबा दचकले. "आता काय चुकलं?"

"काही नाही. कार्ड घ्या म्हणतंय."

व्यवहार नीट झाल्यावर हे मशीन जो आवाज काढतं, तो चोर पकडल्याचा आहे. ज्यानं तो निवडला त्याला एक दिवस सहा नंबरच्या लेनमध्ये उभा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी ८.३५

दोन मुलांना घेऊन एक तरुण आई. टर्की, बटाटे, दूध, कॉर्नचे डबे. तिनं फूड स्टँपचं कार्ड काढलं. सरकारी मदत हल्ली कागदी कुपनांत मिळत नाही, कार्डावर मिळते. तिनं ते सराईतपणे घासलं, हाताचा आडोसा करून चार आकडे दाबले आणि संपलं. मागचे तिघे चिपशी झगडत होते त्या वेळात ती दारापर्यंत पोचली.

या कार्डाला चिप नाही, पिन आहे. आणि तिच्या मागच्या गृहस्थांच्या चकचकीत क्रेडिट कार्डाला चिप आहे, पिन नाही. गरिबाच्या कार्डाची नक्कल सहज होईल, पण चोराला त्याचा पिन मिळवावा लागेल. श्रीमंताच्या कार्डाची नक्कल अवघड, पण ते रस्त्यात पडलं तर उचलणाऱ्याला कुणी काही विचारणार नाही. कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. क्रेडिट कार्डाला पिन लावला तर गिऱ्हाईक तो विसरेल आणि पाकिटातलं दुसऱ्या बँकेचं कार्ड काढेल, अशी बँकांना धास्ती असल्याचं सांगतात. आदल्या वर्षी ऑक्टोबरात ओबामांनी सरकारी कार्डांना चिप आणि पिन दोन्ही लावायचा आदेश काढला. खासगी बँकांनी बहुतेक करून चिपवर भागवलं आणि सही ठेवली.

त्या सहीबद्दल बोलायलाच नको, पण बोलते. रक्कम मोठी असली की मशीन सही मागतं. दोरीला बांधलेली प्लास्टिकची काडी घेऊन काचेवर गिरगटायचं. आमच्या बँकेत नमुना सहीचं कार्ड समोर ठेवून 'र'चा फाटा जुळतो का ते बघितल्याशिवाय मी चेक पुढे सरकवला नाही. शेतकऱ्याचा हात थरथरला म्हणून सही हुकली तर त्याला बसवून, पाणी देऊन पुन्हा करून घेतली. इथे आज सकाळी एका मुलानं सहीच्या जागी मासा काढला. मशीननं तो मंजूर केला.

सकाळी ९.५०

डेबिट कार्डवाल्यांची वेगळी कटकट. खोचलं की पडदा विचारतो: यूएस डेबिट की व्हिसा डेबिट? २०१० च्या एका कायद्यानं प्रत्येक डेबिट कार्डाला किमान दोन वेगळ्या नेटवर्कचा रस्ता ठेवावा लागतो, त्याचं हे पिल्लू. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी म्हणते, कुठलंही दाबा, पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत. हसतात आणि दाबतात.

सकाळी १०.४५

गर्दी वाढली. पंधराही लेन उघड्या, प्रत्येक गाडीत एक गोठलेली टर्की, क्रॅनबेरी, बटर. दुकानाची वर्षातली ही दिवाळी. मॅनेजरबाई मागून फिरत सांगताहेत, गिऱ्हाइकांशी बोलत राहा, बोललं की वेळ कमी वाटतो. खरं आहे ते. कार्ड फटीत असताना गिऱ्हाइकाला हाताचं काय करावं कळत नाही. पूर्वी घासून झालं की पाकीट मिटायचं, पिशवी उचलायची. आता कार्ड तिथे अडकलेलं, तेव्हा माणूसही अडकलेला. मग मी विचारते, टर्की किती पौंडांची? उद्या किती जण जेवायला? एवढ्यात मशीन ओरडतं. आमच्या घरी उद्या पुरणपोळी आहे, नातवाची फर्माईश, असं मी तीन जणांना सांगितलं. एकीनं कृती विचारली. ती सांगायला मात्र चिप पुरली नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, तुम्ही मराठी?" माझ्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव वाचलं असावं. पिंपरी-चिंचवडचं जोडपं, येऊन तीनच आठवडे झालेले, हातात भारतातल्या बँकेचं डेबिट कार्ड. मुलीनं न सांगता कार्ड खोचलं, पिन दाबला, ओरडेपर्यंत शांत उभी राहिली. मागच्या दोघा अमेरिकनांनी तिच्याकडे शिकवणीला आल्यासारखं पाहिलं.

"सवय आहे हो," ती म्हणाली. "पण इथे हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आतच निघून गेला! पिन विचारायलाच आला नाही. हा म्हणाला, गेलं कार्ड."

"आणि मी मागे धावलो," नवरा म्हणाला.

आपल्याकडे २०१३ च्या डिसेंबरपासून रिझर्व्ह बँकेनं दुकानात डेबिट कार्डाला पिन सक्तीचा केला. तेव्हा आमच्या काउंटरवर येऊन लोक कुरकुरायचे, मॅडम पिन विसरतो. पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, तीही कार्डाला चिकटवून. त्या दोघांना म्हटलं, घरी या एकदा. ओळखपाळख नसताना म्हटलं, पण म्हटलं.

दुपारी १२.२०

अर्धा तास सुट्टी. ब्रेकरूममध्ये मायक्रोवेव्ह एक आणि माणसं नऊ. चार नंबरच्या लेनवरची डॉमिनिकन मुलगी माझी भाजी खाते, मी तिचा भात. ती वैतागलेली. कॅशियरनं मिनिटाला किती वस्तू स्कॅन केल्या याचा हिशेब निघतो आणि तिला वाटतं चिपमुळे आपला आकडा पडला. "घासत होतो तेव्हा काय वाईट होतं?" तिनं विचारलं.

वाईट होतं ते सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, २०१३ मध्ये, असाच थँक्सगिव्हिंगचा आदला बुधवार, २७ नोव्हेंबर. त्या दिवसापासून १५ डिसेंबरपर्यंत टार्गेटच्या दुकानांत घासलेल्या सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरांनी पळवली. चोर दुकानात आलेच नव्हते. कॅश काउंटरच्या संगणकांत त्यांनी आपला प्रोग्रॅम घुसवला, आणि नेटवर्कमध्ये शिरताना वापरली वातानुकूलन यंत्रणेच्या कंत्राटदाराची चोरलेली ओळख. पट्टीवर जे लिहिलेलं असतं ते कायमचं असतं. एकदा उचललं की कोऱ्या कार्डावर उतरवून कुठेही घासता येतं. चिप दर वेळी त्या व्यवहारापुरता नवा संकेत तयार करते, कालचा आज चालत नाही. रोज शिक्का बदलणाऱ्या बँकेसारखं. कालचा शिक्का चोरून काय करणार?

पट्टीची जन्मकथा मात्र मला प्रिय आहे. १९६० च्या सुमारास आयबीएमचे इंजिनिअर फॉरेस्ट पॅरी प्लास्टिकच्या कार्डाला चुंबकी फीत चिकटवायच्या खटपटीत होते. डिंकानं ती वाकडी व्हायची. बायको घरी इस्त्री करत होती. ती म्हणाली, आण इकडे, इस्त्रीनं बसवू. बसली. ती फीत पुढे पन्नास वर्षं सगळ्या जगाच्या खिशात फिरली. डॉमिनिकन मुलगी म्हणाली, आणि पगार नवऱ्यानं घेतला असेल.

दुपारी १.०० ते ३.००

या दोन तासांबद्दल वहीत फक्त एक शब्द आहे: 'गर्दी'. आठवतं ते तुकड्यांत. हातमोजे न काढता कार्ड खोचू पाहणारा ट्रकवाला. चेकबुक काढून सावकाश चेक लिहिणाऱ्या बाई. रांग त्यांच्यावर चिडली नाही, कारण त्या चिपपेक्षा फार मागे नव्हत्या. कॉलेजातला पोरगा फोन मशीनजवळ नेऊन, कार्ड न काढताच, पैसे देऊन गेला, आणि त्याच्या मागचे दोघे त्याच्याकडे रागानं बघत राहिले. एका कार्डाची टिकली घासून काळवंडलेली. तीनदा खोचून वाचली गेली नाही, तेव्हा मशीनच म्हणालं, बरं बाबा, घास. ती युक्ती मागच्यानं ओळखली आणि मुद्दाम कार्ड उलटं खोचायला लागला. मी त्याला सरळ करायला लावलं. अशा घासलेल्या व्यवहाराची झळ कुणाच्या अंगावर येईल, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

पण खरी नवी चूक वेगळीच. लोक कार्ड विसरून जातात. पट्टी घासताना कार्ड हातातून सुटतच नव्हतं. आता ते फटीत आणि लक्ष टर्कीत. ओरडणं ऐकून पावती उचलतात, पिशव्या उचलतात आणि चालू लागतात. मी लेन सोडू शकत नाही. शाळा लवकर सुटल्यामुळे पिशव्या भरायला आलेला बॅगर मुलगा कार्ड घेऊन पार्किंगमध्ये धावतो. दोन वाजता एक बाई गाडी मागे घेत असताना त्यानं काचेवर टकटक केली. तिनं घाबरून दार लॉक केलं. मग त्यानं कार्ड काचेला लावून धरलं.

दुपारी ३.४०

ड्रॉवर मोजला. कार्डांमुळे रोख फारच कमी, मोजायला सात मिनिटंही लागली नाहीत. साताऱ्यात मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत मोजत बसायचो आणि एक रुपया जास्त निघाला तरी कुणी घरी जायचं नाही. इथे दोन सेंट जास्त निघाले. मॅनेजरबाई म्हणाल्या, सोडा हो. मी सोडले, पण लिहून ठेवले.

संध्याकाळी ४.५०

मुलगा घ्यायला आला तेव्हा अंधार पडलेला. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. न्यू जर्सीत १९४९ पासून कायद्यानं स्वतः पेट्रोल भरता येत नाही, पंपावरचा माणूसच भरतो. मुलानं खिडकीतून कार्ड दिलं. सरदारजींनी ते घेतलं आणि पंपाच्या खाचेत सर्रकन घासलं. माझा हात आपोआप पुढे झाला. मुलगा हसायला लागला. पंपांना दोन वर्षांची सवलत होती, २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत. जमिनीत रोवलेली यंत्रं बदलायची म्हणजे खणाखणी आली. पुढे ती सवलत वाढत वाढत २०२१ च्या एप्रिलपर्यंत गेली. तोवर दिवसभर आम्ही लोकांना खोचायला शिकवायचं आणि संध्याकाळी पंपानं विसरायला लावायचं.

रात्री ९.१५

डाळ भिजत घातली. ह्यांनी पायाला तेल लावून दिलं, न सांगता. ते वहीत नाही.

पुढचंही वहीत नाही, पण सांगायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हिसानं 'क्विक चिप' आणलं. बेरीज पूर्ण व्हायच्या आधीच कार्ड खोचायचं, लगेच काढायचं, बँकेशी बोलणी मागून. म्हणजे आजोबांना जे पहिल्यापासून करायचं होतं तेच. आमच्या दुकानात ते पोचायला आणखी काही महिने गेले. आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये चारही मोठ्या कार्ड कंपन्यांनी सहीची सक्ती काढून टाकली. प्लास्टिकची काडी दोरीला तशीच लोंबत राहिली.

त्या बुधवारची शेवटची नोंद अशी आहे: 'कॅश दोन सेंट जास्त. विसरलेली कार्डं तीन. दोन परत गेली, एक तिजोरीत. पुरणाला जायफळ आणणे.'